सव्वीस ठिपके

तिसऱ्या सकाळीही ठिपके जागचे हलले होते.

अग्निया सावेल्येव्ना कोर्झुखिनानं तपासपट्टी उचलून लाकडी घोड्यावर ठेवली, चष्मा पुसला आणि बेडवर वाकून पुन्हा पाहिलं. ग्राइंडिंग मशीनचा बिडाचा बेड, तीन मीटर लांब. त्याच्यावरचे दोन पट्टे हातानं खरवडून सपाट करायचे, हे तिचं एकतीस वर्षांचं काम. पट्टीला निळा रंग फासायचा आणि ती बिडावर घासायची. जिथं बीड उंच असेल तिथं निळा ठिपका उठतो. तो खरवडायचा आणि पुन्हा पट्टी घासायची. पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनात वीस ठिपके भरले की पृष्ठभाग सपाट झाला. काल पाळी सुटताना चोवीस होते. आज मधल्या भागात नऊ होते, आणि दोन्ही टोकांना निळ्याचा नुसता चिखल.

त्या दिवशी १९७३ सालच्या डिसेंबरची एकोणतीस तारीख होती.

"अगाशा मावशी, रात्री बेडाला कुणी भेटायला येतं की काय?" पलीकडच्या घोड्यापाशी काम करणारी तोन्या नावाची पोरगी म्हणाली.

"तुझ्या पट्टीकडे बघ. सगळा रंग कोपराला फासलायस."

तोन्या हसली. अग्निया हसली नाही. सकाळ-संध्याकाळच्या तापमानानं दोन-तीन ठिपके इकडचे तिकडे होतात. पंधरा होत नाहीत.

ओतीव बीड नवं असताना आत ताण धरून बसतं आणि तो महिनोन्‌महिने थोडा थोडा सोडतं. सोडताना वाकतं. म्हणून लुझान्स्कच्या या कारखान्यात ओतलेले बेड दीड वर्ष मागच्या आवारात उघड्यावर पडून असत. बर्फ, चिखल, ऊन, पुन्हा बर्फ. कामगार त्या आवाराला सॅनेटोरियम म्हणत. कामचुकार माणसाला सांगत, "जा, बेडांशेजारी पड जा, तुझाही ताण जाईल." भट्टीत तापवूनही बीड लवकर निववता येतं, पण कारखान्याची ती भट्टी ऑगस्टपासून बंद होती.

दीड वर्षाचा हा नियम फुकट आला नव्हता. कारखाना १९३२ साली उभा राहिला आणि छत्तीस साली योजनेची घाई म्हणून कच्चे बेड बाहेर गेले. ओतशाळेच्या इंजिनियरनं आधीच लेखी कळवलं होतं की हे बेड वाकतील. ते वाकले आणि परत आले. चौकशीला आलेल्यांनी त्या इंजिनियरला एकच प्रश्न विचारला: बेड वाकणार हे तुला आधीच कसं माहीत होतं? तो घरी परत आला नाही. पुढच्या वर्षी त्याचा नियम तेवढा चौकटीत घालून ओतशाळेच्या भिंतीवर लावला गेला. जुने लोक ही गोष्ट सांगत तेव्हा शेवटी नेहमी हसत, आणि हसून झालं की विषय बदलत.

अग्नियानं बेडाच्या टोकावरची तारीख पाहिली. आवारात ठेवताना प्रत्येक बेडावर पांढऱ्या रंगानं महिना आणि साल लिहीत. इथं लिहिलं होतं: एप्रिल ७२. म्हणजे वीस महिने. तिनं स्क्रेपरचं पातं रंगाखाली घातलं आणि हलक्या हातानं एक पापुद्रा काढला. खाली आणखी एक पांढरा थर होता, जुन्या अक्षरांचा. सप्टेंबर ७३.

बेडाला जेमतेम तीन महिने झाले होते.

आवाराचा कोठावळा वेन्यामिन हा तिचा धाकटा भाऊ होता. आई त्रेचाळीस साली टायफसनं गेली तेव्हा तो तेरा वर्षांचा आणि ती सतरा. जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या खोपटात गेली. तो पाव आणि खारवलेली चरबी कापत बसला होता.

"दार लाव, अगाशा. थंडी येतेय."

"सहाशे अठरा नंबरचा बेड कधीचा?"

"लिहिलंय की त्याच्यावर."

"मी रंग खरवडला, वेन्या."

त्यानं चाकू खाली ठेवला. "तुला खरवडायला दुसरं काही मिळालं नाही?"

"असे किती?"

"चार. तीन गेले. दुसऱ्यांच्या हातचे होते, कुणाला काही कळलं नाही. तुझ्याच हाताला खाज."

"कुणी सांगितलं तुला?"

"असलं कुणी सांगतं होय? कोल्चिन आला. म्हणाला, वेन्यामिन सावेल्यिच, तुझ्याकडे पांढरा रंग आहे ना? म्हटलं, आहे. म्हणाला, मग झालं." त्यानं चरबीचा तुकडा पावावर ठेवला, पण खाल्ला नाही. "नोंदवहीत सही माझी आहे. कोल्चिनची नाही."

सेहेचाळीस साली पोतंभर कोळसा उचलल्याबद्दल वेन्यामिन पाच वर्षं छावणीत राहून आला होता. डाव्या कानाची पाळी तिथंच राहिली. दुसऱ्यांदा अडकला तर कुणी का आणि कसं हे विचारणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही ते बोलले नाहीत.

"चहा घे," तो म्हणाला.

तिनं घेतला नाही.

जुळणी खात्याचा प्रमुख लेव्ह अर्काद्येविच कोल्चिन एकतीस तारखेला दुपारी दोन वाजता तिच्या घोड्यापाशी आला. तो आवाज चढवणाऱ्यांपैकी नव्हता. बेड आज शिक्का होऊन पुढं गेला, तर संध्याकाळपर्यंत जुळणी आटोपून वर्षाची योजना एकशे एक टक्के भरत होती. नाही गेला, तर नव्व्याण्णव. तीनशे चाळीस माणसांचं वर्षअखेरीचं बक्षीस या दोन आकड्यांच्या मधे होतं.

"अग्निया सावेल्येव्ना, वॅगन उभी आहे."

"बेड कच्चा आहे, लेव्ह अर्काद्येविच."

"आत्ता किती ठिपके आहेत?"

"आत्ता सव्वीस."

"मोजून?"

"मोजून."

"मग मी वेगळं काय मागतोय? तुमचा शिक्का काय म्हणतो? कोर्झुखिनानं मोजले आणि भरले. यात खोटं कुठं आहे?"

"उद्या सकाळी..."

"उद्या एक तारीख. उद्या सगळा देश झोपलेला असेल. उद्या कोण मोजतंय?" त्यानं बेडाच्या टोकाकडे पाहिलं. खरवडलेल्या रंगाचा पापुद्रा तिथं लोंबत होता. त्यानं तो नखानं काढून टाकला. "तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. चांगला माणूस आहे. त्याला त्रास व्हावा असं मला वाटत नाही."

आख्ख्या कारखान्यात सोळा जणांकडे स्वतःचा शिक्का होता. बोटाएवढी पोलादी दांडी, टोकाला आकडा. ज्या कामावर तो उमटला ते काम तपासणी खातं पुन्हा तपासत नसे. शिक्क्याचा माणूस स्वतःच तपासनीस. अग्नियाचा चौदा नंबर. सदुसष्ट साली तो तिला सभेत मिळाला, तेव्हापासून तिनं एकदाही तो असा मारला नव्हता की दुसऱ्या दिवशी नजर चुकवावी लागेल. बोलणारी ती नव्हती. नवरा नव्हता, मूल नव्हतं. तिच्याबद्दल लोकांना जे काही माहीत होतं ते सगळं त्या आकड्यात होतं.

खोटं लिही असं तिला सांगितलं असतं तर तिनं नकार दिला असता. पुढं कित्येक महिने ती स्वतःला हेच सांगत राहिली. पण खोटं लिही असं कुणी म्हटलंच नाही. सव्वीस होते. तिनं चौकट ठेवून आणखी एकदा मोजले, सव्वीसच भरले, आणि पावणेतीन वाजता तिनं दांडी टोकाशी धरून हातोडीचा एक ठोका दिला.

तोन्या पलीकडून म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे."

*

नऊ महिन्यांनी, सप्टेंबरात, तक्रार आली. सहाशे अठरा नंबरच्या मशीनचा बेड मध्यभागी चार शतांश मिलिमीटर खचला होता. अशा वेळी कारखाना आपला माणूस पाठवून जागेवरच खरवडून देत असे. कोल्चिननं अग्नियाला बोलावलं आणि प्रवासाचे कागद पुढं केले.

"अहवालात लिहा, पाया खचल्यामुळे. तिथल्या लोकांशी बोलणं झालंय. त्यांनाही तेच बरं पडतं."

उस्त-कामेन्काला आगगाडीनं तीन दिवस लागले. पंपाचे शाफ्ट बनवणारा कारखाना होता, गावाबाहेर, नदीच्या वाकणावर. फाटकाशी एका तरुण पहारेकऱ्यानं तिची पिशवी उघडायला लावली आणि आत काय जातंय ते एकेक करून परवान्यावर लिहून घेतलं. तो डाव्या हातानं लिहीत होता, शाळकरी पोरासारखी अक्षरं काढत. उजवी बाही मनगटाशी दुमडून टाचलेली होती.

"स्क्रेपर सहा. रंगाच्या डब्या दोन. मोजायची चौकट एक. ही दांडी कसली?"

"शिक्का."

त्यानं ती उलटी करून टोक पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चौदा," तो म्हणाला.

"चौदा."

"शिक्का एक," त्यानं लिहिलं. "बाहेर जाताना यादीतलं सगळं दाखवावं लागेल. जा."

कारखान्याचा मुख्य मेकॅनिक इल्या फोमिच सुर्निन हा साठीकडे झुकलेला, सूर्यफुलाच्या बिया फोडत बसणारा माणूस होता. त्यानं तिला मशीन दाखवलं. मशीनवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर मे महिन्यापासूनची धूळ.

"मेपासून बंद? तक्रार तर आत्ता आली."

"मध्ये एक प्रकरण झालं." त्यानं बियांची टरफलं हातात गोळा केली. "ते निपटल्याशिवाय तक्रार करता येत नव्हती."

"कसलं प्रकरण?"

"फाटकावर पाहिलंत ना त्याला? रोदिओन पेस्तोव. ह्या मशीनवर होता."

त्यानं फाइल काढून तिच्यापुढं ठेवली आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. अग्नियानं सगळे कागद तारखांच्या क्रमानं वाचले. फेब्रुवारीपासून पेस्तोवचे शाफ्ट मध्यभागी जाड येऊ लागले. मार्चमध्ये त्यानं लेखी कळवलं की मशीन वाकलंय. एप्रिलमध्ये पुन्हा कळवलं. तीन जणांची समिती नेमली गेली. बेड मोजण्याचं उपकरण प्रदेशाच्या राजधानीहून मागवावं लागलं असतं. समितीनं ते मागवलं नाही, कारण मशीनच्या दाखल्यावर वैयक्तिक शिक्का होता. निष्कर्ष दोन ओळींचा होता: मशीन निर्दोष, चौदा क्रमांकाच्या शिक्क्याचं. चूक कामगाराची. पेस्तोवची श्रेणी एका पायरीनं उतरवली. भिंतीवरच्या वार्तापत्रात त्याचं व्यंगचित्र लावलं, केळ्यासारखा शाफ्ट खांद्यावर घेऊन चाललेला. ते चित्रही घडी घालून फाइलमध्ये होतं.

"त्यानं किती वेळा सांगितलं?" तिनं विचारलं.

"लेखी दोनदा. तोंडी रोज." सुर्निन वळला नाही. "मीच त्याला म्हणालो, अरे बाबा, चौदा नंबर खोटं बोलत नाही. आमच्याकडे चौदाची तीन मशीन आहेत, साठच्या दशकातली. आजही केसाएवढी हलली नाहीत. मग काय करणार होता तो? वाकडं मशीन हातानं सरळ करत बसला. इथं पत्र्याची चकती घाल, तिथं कागद. दर दोन मिनिटांनी मधला भाग मापायचा. कोटा गाठायचा तर चाक थांबवायला वेळ नाही, म्हणून चाक फिरतं ठेवूनच मापायचा."

"हं."

"सतरा मेला बाही ओढली गेली."

शेवटचा कागद अपघाताचा होता. कारण: सुरक्षा नियमांचं उल्लंघन, कामगाराचा स्वतःचा दोष. मशीन निर्दोष. दाखला सोबत जोडला आहे. जोडलेल्या दाखल्यावर तारीख होती एकतीस डिसेंबर, आणि तारखेखाली तिचा आकडा.

अपघातानंतर मागवलेलं मोजण्याचं उपकरण जूनमध्ये आलं. तोवर अपघाताची नोंद बंद झाली होती.

तिनं फाइल बंद केली. "गरम पाणी लागेल," ती म्हणाली. "आणि चांगला दिवा."

*

बारा दिवस तिनं खरवडलं. स्क्रेपरची मूठ उजव्या कमरेला टेकवून सगळ्या अंगाचा भार द्यायचा, अर्धा सेंटीमीटर पुढं जायचं, मागं यायचं. तिच्या कमरेवर त्या जागी हाताच्या तळव्यासारखा जाड घट्टा होता. बीड आता शांत झालं होतं. एका हिवाळ्यात आणि एका उन्हाळ्यात त्यानं जे सोडायचं ते सोडलं होतं. संध्याकाळचे ठिपके सकाळी तिथंच सापडत.

पाचव्या दिवशी रोदिओन पेस्तोव पाळी संपल्यावर आत आला आणि मशीनपासून चार पावलांवर उभा राहिला. एकोणतीस वर्षांचा होता.

"वाकलेलं होतं ना?" त्यानं विचारलं.

"होतं."

"किती?"

"चार शतांश."

"मी साडेतीन म्हणत होतो." त्यानं बेडाच्या मध्याकडे पाहिलं. "तुम्ही शिक्का मारलात तेव्हा किती ठिपके होते?"

"सव्वीस."

"म्हणजे सरळ होतं?"

"त्या दुपारी होतं. आदल्या सकाळी नव्हतं, आणि दुसऱ्या सकाळीही राहणार नव्हतं."

"आणि हे तुम्हाला माहीत होतं."

"दोन दिवस आधीपासून."

त्यानं मान हलवली, जणू एखादं माप त्याच्या अंदाजाबरहुकूम निघालं. "मला वाटायचं मीच वेडा झालोय," तो म्हणाला. "बायकोलाही तेच वाटायचं. ती एप्रिलमध्ये आईकडे गेली. हात जायच्या आधीच." तो वळला आणि निघून गेला. पुढचे सहा दिवस आला नाही.

बाराव्या दिवशी तिनं त्याला फाटकावरून बोलावून घेतलं आणि मोजायची चौकट त्याच्या डाव्या हातात दिली. "कुठंही ठेव आणि मोज."

त्यानं सहा ठिकाणी ठेवली. ओठ हलवत मोजलं. "तेवीस. बावीस. चोवीस. तेवीस..."

"आता उद्या सकाळी पाळीआधी ये. पुन्हा मोज."

सकाळी तो आला. सुर्निनही आला. रोदिओननं त्याच सहा जागांवर चौकट ठेवली. आकडे तेच भरले. त्यानं चौकट बेडावर ठेवली.

अग्नियानं कानस घेतली. बेडाच्या टोकाशी पैशाएवढ्या उंचवट्यावर चौदाचा आकडा होता. तिनं तो घासायला सुरुवात केली.

"काय करताय हे?" सुर्निन म्हणाला. "शिक्क्याशिवाय मशीन ताब्यात कसं घेऊ?"

"मोजून घ्या."

"दाखल्यावर काय लिहू?"

"मोजले म्हणून लिहा. ह्यानं मोजलेत, त्याचं नाव लिहा."

मग ती टेबलाशी बसली आणि अहवालाच्या तीन प्रती हातानं लिहिल्या. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं की बेड तीन महिन्यांचा होता, आवारातली तारीख बदललेली होती, आणि खरवडणाऱ्या अ. सा. कोर्झुखिनाला हे शिक्का मारण्याआधी माहीत होतं. बदलणाऱ्याचं नाव लिहिलं नाही. आवाराला कोठावळा एकच आहे, हे लुझान्स्कमध्ये कुणाला सांगायची गरज नव्हती.

सुर्निननं तिच्या खांद्यावरून वाचलं. "पाया खचला म्हणून ठरलं होतं."

"पाया खचलेला नाही. मी पातळी लावून पाहिला."

"अग्निया सावेल्येव्ना, तुम्हाला विचारतील. आधी माहीत होतं तर गप्प का बसलात, हे तर विचारतीलच. आणि आत्ता का बोलताय, हे त्याहून जास्त विचारतील. इथं सह्या केलेल्या माणसांची नोकरी आहे. माझी आहे."

"विचारू देत."

"ही प्रत मी वर पाठवणार नाही," तो थकल्या आवाजात म्हणाला. "तुम्हाला आत्ताच सांगतो. उगाच आशा नको. आणि तुमच्या कारखान्यातही कुणी ती दाखल करून घेणार नाही."

"म्हणूनच तीन लिहिल्या."

गावातल्या टपाल कचेरीतून तिनं भावाला तार केली. तारेत चारच शब्द होते: खरं लिहिलं. तयार राहा. काउंटरवरच्या बाईनं खाली नाव काय घालू म्हणून विचारलं. अग्निया म्हणाली, नको, त्याला कळेल. उत्तराची वाट पाहायची का, असंही तिनं विचारलं. अग्नियानं मान हलवून नाही म्हटलं. गाडी अडीच वाजता होती.

फाटकावर रोदिओननं परवाना काढला आणि तिनं पिशवी उघडून टेबलावर रिकामी केली.

"स्क्रेपर सहा." त्यानं मोजले. "डब्या दोन. चौकट एक."

तिनं अहवालाची तिसरी प्रत त्याच्यापुढं ठेवली. त्यानं उभ्याउभ्याच ती वाचली, शेवटपर्यंत, मग पुन्हा कारणाच्या रकान्यापाशी आला.

"हे कुणी मानेल?"

"माहीत नाही. अपघाताची नोंद उघडायला अर्ज कर आणि हे जोड. एकदा नाही म्हणतील. पुन्हा कर."

"लिहून सांगितल्याचं काय होतं, ते मी याआधी पण बघितलंय."

"माहीत आहे."

त्यानं कागद टेबलाच्या कडेवर दाबून एका हातानं घडी घातली. घडी वाकडी झाली. तिनं हात पुढं केला नाही. त्यानं ती उलगडली, पुन्हा घातली आणि आतल्या खिशात ठेवली.

मग यादीवर बोट ठेवलं. "शिक्का एक."

तिनं कोटाच्या खिशातून दांडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती उलटी करून टोक पाहिलं. आकड्याच्या जागी कानशीचे ताजे, बारीक चरे होते, बाकी काही नव्हतं. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला, जसा मशीनवर असताना शाफ्टवरून फिरवत असेल.

"सपाट आहे," तो म्हणाला.

त्यानं यादीत शिक्क्यापुढं खूण केली, दांडी तिला परत दिली आणि अडसर वर केला.